विश्लेषण : कॅमेरे सर्वत्र, पण त्यांतील चित्रणावर हक्क कोणाचा?

गुजरातमधील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयात महिलांची तपासणी सुरू असतानाचे सीसीटीव्ही चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांमध्ये लातूर आणि सांगली भागांतील तरुणही होते. देशभरातील इतर कॅमेऱ्यांमधूनही हजारो चित्रफिती चोरल्याचे तपासात समोर आले. चोरी करणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. पण तपासणी कक्षात कॅमेरा मुळात का होता, तिथले चित्रण कोण पाहत होते आणि ते किती दिवस ठेवले जात होते, हे ठरवून देणारा कायदा तेव्हा लागू नव्हता. आजही तो पूर्णपणे लागू झालेला नाही.

कॅमेरे लावण्याचे नियम कोणते?

कॅमेरे लावा असे सांगणारे आदेश भरपूर आहेत. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीच्या शिफारशींतून शहरव्यापी सीसीटीव्ही प्रकल्प पुढे आला आणि २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांनिशी तो कार्यान्वित झाला. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर राज्यातील शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवण्यास सांगण्यात आले. तेलंगणात २०१३ च्या, तर गुजरातमध्ये २०२२ च्या कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसवून ३० दिवसांचे चित्रण जपून ठेवण्याचे बंधन घातले. या सगळ्यात पोलिसांना चित्रण कसे मिळेल याचा विचार आहे. ज्याचे चित्रण होते त्याचा मात्र जवळपास नाहीच.

गोपनीयतेच्या निकालाने काय दिले?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. सरकारला त्यात हस्तक्षेप करायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांना, विशेषतः चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांना, ही कसोटी लावायची तर अडचण पहिल्याच पायरीवर येते. त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे, पण ते खासगी अवयवांच्या किंवा खासगी क्षणांच्या चित्रणापुरते. गल्लीच्या तोंडाशी लावलेला कॅमेरा त्यात बसत नाही.

नव्या डेटा संरक्षण कायद्याने फरक पडेल?

काही प्रमाणात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ओळखता येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रण हा वैयक्तिक डेटाच ठरतो. त्यामुळे रुग्णालय, दुकान किंवा गृहनिर्माण संस्थेला ते सुरक्षित ठेवावे लागेल आणि काम संपल्यावर पुसावे लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र ही बंधने मे २०२७ पासून लागू होणार आहेत.

शिवाय कायद्याचा पाया संमती हा आहे. दुकानासमोरून जाणाऱ्या पादचाऱ्याची संमती घ्यायची कशी, याचे सरळ उत्तर त्यात नाही. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नोकरीशी संबंधित कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीची गरजच ठेवलेली नाही. सुव्यवस्था आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणासाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकते. सर्वांत मोठे जाळे ज्यांच्या हाती आहे, त्यांनाच ही पळवाट आहे.

नागरिकाला चित्रण हवे असेल तर?

प्रश्नाची ही बाजू सहसा चर्चेत येत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची. अनेक ठिकाणी रेकॉर्डरची क्षमता १५ ते ३० दिवसांचीच असते आणि जुन्या चित्रणावर नवे चढते. म्हणजे उत्तर येईपर्यंत मागितलेली गोष्टच उरलेली नसते. अर्जातच ‘हे चित्रण जपून ठेवावे’ अशी मागणी तारीख, वेळ आणि ठिकाणासह केलेली बरी, ती याचमुळे.

त्यात भर म्हणजे, डेटा कायद्यातील एका कलमाने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले आणि हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या कारणावर नकार देता येतो. व्यापक जनहित दाखवून कलम ८(२) चा आधार घेण्याची वाट उरली आहे. निवडणुकीतही हेच दिसले. मतदान केंद्रांतील सीसीटीव्ही चित्रण सर्वांना पाहता येऊ नये, यासाठी केंद्राने २० डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलला. महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील चित्रणाची मागणी विरोधकांनी लावून धरली तेव्हा निवडणूक आयोगाने मतदारांच्या गोपनीयतेचे कारण पुढे केले. गोपनीयतेची ढाल इथे पाहणाऱ्याच्या हातात गेली.

पोलीस ठाण्यांबाबत तर आदेश स्पष्ट आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे बसवण्यास आणि चित्रण १८ महिने, किमान वर्षभर ठेवण्यास सांगितले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतील कॅमेरे चालू नसल्याच्या प्रश्नाची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

घर आणि सोसायटीत काय करता येईल?

एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या चित्रणाला डेटा कायदा लागू नाही. पण म्हणून घरात काहीही चालते असे नाही. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीविना त्याच्या राहत्या भागावर कॅमेरे रोखता येणार नाहीत, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

सोसायटीत चित्रणाचे ॲप कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहे, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत सहज विचारता येतो. ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीसाठीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. ती आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्यांना लागू नाही. राजकोटच्या रुग्णालयातील यंत्रणेचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच, ‘ॲडमिन१२३’, असल्याचे तपासात आढळले होते.