लेव्हिटटाउन

लेव्हिटटाउन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क राज्याच्या नॅसॉ परगण्यातील एक निवासी उपनगर. लोकसंख्या ५१,७५८ (२०२०). हे लाँग आयलंडवर मॅनहॅटनच्या पूर्वेस सु. ४५ किमी. अंतरावर वसले आहे. त्याला स्वतंत्र नगरपालिका नाही. ते हेम्पस्टेडच्या स्थानिक प्रशासनाखाली मोडते. येथील बहुतेक मूळ रहिवासी चार-पाच वर्षांच्या अवधीत एकदमच आले. त्यामुळे एखाद्या वस्तीची वयोरचना व मिळकत कालांतराने कशी पालटते, हे पाहण्यास हे उदाहरण फार सोयीचे ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरांची तीव्र टंचाई भासत होती. एब्राहम लेव्हिट आणि त्यांचे पुत्र विल्यम व आल्फ्रेड यांच्या संस्थेने बटाट्याची शेते विकत घेऊन तेथे १९४७–५१ या काळात १७,४४७ घरे उभारली. बांधकामाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टोळीस एकच काम नेमून दिलेले असे. या पद्धतीने ऐन भरात दिवसाला तीस घरे पुरी होत. प्रारंभी घरे दरमहा ६० डॉलर भाड्याने दिली जात. १९४९ मध्ये नव्या नमुन्याच्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती. १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्यामुळे व शासनाने दिलेल्या कर्जहमीमुळे माजी सैनिकाला अल्प अथवा शून्य अग्रिम रक्कम देऊन घर घेता येई. परिणामी कारागीर, कारकून, पोलीस, शिक्षक अशा मध्यम व कनिष्ठ मध्यम मिळकतीच्या तरुण जोडप्यांनी ही वस्ती भरली.

तथापि ही सवलत सर्वांसाठी नव्हती. प्रारंभीच्या भाडेकरारात श्वेतवर्णीयांखेरीज अन्य कोणी घरात राहू नये, असे कलम होते. घरकामाच्या नोकरांचा तेवढा अपवाद केलेला होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी बंधने न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पुढे कलम गाळले गेले, पण विक्रीचे धोरण तेच राहिले. १९६८ च्या न्याय्य गृहनिवास कायद्याने हा भेद बेकायदा ठरविला. तोवर घरांच्या किमती बऱ्याच वाढल्या होत्या. स्वस्ताईच्या काळात घर घेता न आल्याने कृष्णवर्णीय कुटुंबे केवळ निवासालाच नव्हे, तर पुढील पिढीला मिळणाऱ्या संपत्तीलाही मुकली. शासकीय पतहमीच्या आधारे हे घडले, ही गोष्ट या वस्तीच्या गौरवपर वर्णनांत बहुधा वगळली जाते. २००० च्या जनगणनेतही कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. त्यानंतर लॅटिन अमेरिकन व आशियाई वंशाच्या कुटुंबांचे प्रमाण वाढत गेले आहे.

लोकसंख्या १९६० मध्ये ६५,२७६ व १९७० मध्ये ६५,४४० होती; ती १९८० मध्ये ५७,०४५ वर आली. ही घट वस्ती ओसाड पडल्याने झालेली नाही. घरे भरलेलीच होती. मात्र मुले मोठी होऊन बाहेर पडली आणि आईवडील मागे राहिले. एकाच वयाच्या लोकांनी वसविलेल्या वस्तीत आधी शाळा अपुऱ्या पडतात व वीस-पंचवीस वर्षांनी त्याच ओस पडू लागतात, याचा प्रत्यय येथे आला.

मिळकतीचे आकडे वाचताना सावधगिरी हवी. १९९९ मध्ये येथील कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न सु. ७० हजार डॉलर होते. त्या वेळी राष्ट्रीय मध्यक सु. ४२ हजार होता. परंतु या वाढीमागे पतिपत्नी दोघांनीही नोकरी करण्याचा मोठा भाग आहे. शिवाय घरांच्या किमती चढल्याने नवा खरेदीदार जुन्या रहिवाशापेक्षा अधिक मिळकतीचा असावा लागतो. म्हणजे जुनी माणसे श्रीमंत झाली त्यापेक्षा, त्यांच्या जागी श्रीमंत माणसे आली, असेही सरासरी चढण्याचे कारण असू शकते. (भारतीय जनगणनेत उत्पन्नाची विचारणा होत नसल्याने आपल्याकडील उपनगरांविषयी असा विचार घरगुती सुविधांच्या आकड्यांवरूनच करावा लागतो.)

केवळ राहत्या घरांची वस्ती असल्याने कर देणारे कारखाने व मोठी दुकाने येथे कमी, आणि शाळांचा खर्च मुख्यतः स्थावर मालमत्तेवरील करातून चालणारा. या विषमतेविरुद्ध येथील शाळा मंडळाने इतर मंडळांसह न्यूयॉर्क राज्याविरुद्ध दावा लावला. कनिष्ठ न्यायालयात यश आले. पण राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने १९८२ मध्ये ही वित्तव्यवस्था घटनाबाह्य नसल्याचे ठरविले.

मूळ घरे सु. ७० चौ. मी. क्षेत्राची, चार खोल्यांची व वर अपुरा माळा ठेवलेली होती. रहिवाशांनी माळे बांधून काढले, मागे-पुढे खोल्या वाढविल्या. काहींनी वृद्ध आईवडिलांसाठी वा विवाहित मुलांसाठी वेगळा भाग पाडला. मूळ स्वरूपात राहिलेले घर आता तेथे क्वचितच आढळते.