तात्यापाऱ्याचा अर्धा किलोमीटर : सिव्हिल थ्रीडीत बदल सोपे कसे करायचे

सिव्हिल थ्रीडी शिकवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, स्पीड कशी वाढवायची?" विचारणाऱ्याला शॉर्टकट कीजची यादी हवी असते. त्या यादीने दिवसाची दहा मिनिटं वाचतात. दोन-दोन दिवस जातात ते केलेलं डिझाइन बदलायला सांगितलं जातं तेव्हा. म्हणून आज बदल सोपे करणाऱ्या सवयींबद्दल बोलू.

उदाहरण रायपूरचं घेऊ. नागपूरकडून दुर्ग-भिलाई करत येणारा जी. ई. रोड शहरात आमापारा, तात्यापारा आणि शारदा चौक असा जातो. (पारा म्हणजे छत्तीसगढीत वस्ती, मोहल्ला. नावातला तात्या मात्र आपल्या ओळखीचा!) आमापारा ते तात्यापारा हा भाग रुंद झाला आणि तात्यापारा ते शारदा चौक हा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा तुकडा वर्षानुवर्षं अरुंद राहिला. दोन्ही बाजूंना दुकानं, वर घरं. अशा ठिकाणी रस्त्याची कड अर्धा मीटर सरकली तर कुणाचा ओटा जातो, कुणाची भिंत. त्यामुळे प्रत्येक बैठकीनंतर कड सरकणार हे गृहीत धरूनच मॉडेल बांधायला हवं. सरावासाठी आपण हाच तुकडा घेऊ.

पहिली गोष्ट, कोऑर्डिनेट झोन. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातलं टेम्पलेट उघडलं की त्यात बहुधा यूटीएम झोन 43 भरलेला असतो. हा झोन 78 अंश पूर्व रेखांशापर्यंतच चालतो. अकोला, अमरावती 43 मध्ये. वर्धा, नागपूर आणि रायपूर 44 मध्ये. रायपूरचे पॉइंट 43 च्या फाइलमध्ये टाकलेत तर सॉफ्टवेअर काही बोलत नाही. मागे एरियल नकाशा लावला की कळतं, तात्यापारा सहा अंश पश्चिमेला सरकून जळगाव जिल्ह्यात यावलच्या आसपास जाऊन बसलाय. ही चूक निदान ढळढळीत दिसते.

न दिसणारी चूक जास्त महाग पडते. टोटल स्टेशन जमिनीवरचं अंतर मोजतं, डीजीपीएसचे यूटीएम कोऑर्डिनेट ग्रिडवरचं अंतर देतात. यूटीएममध्ये मध्य रेखांशावर स्केल फॅक्टर 0.9996 असतो. रायपूर झोन 44 च्या मध्य रेखांशापासून, म्हणजे 81 अंशांपासून, फार दूर नाही. त्यामुळे इथे फरक किलोमीटरला जवळपास 40 सेंटीमीटर, आपल्या अर्ध्या किलोमीटरला 20 सेंटीमीटर. रस्त्याच्या रुंदीत तो जाणवणारही नाही, वीस मीटरला आठ मिलिमीटर. पण एका पार्टीने तात्यापारा चौकातून टोटल स्टेशनने काम आणलं आणि दुसरीने शारदा चौकाकडून डीजीपीएसने, तर मध्ये जिथे दोन्ही जुळतात तिथे एकाच दुकानाचा कोपरा दोनदा दिसतो. माझ्याकडे अशी एक फाइल आली होती, दुसऱ्या गावच्या रस्त्याची. ड्राफ्ट्समनने दोन कोपऱ्यांच्या मधला कोपरा धरून रेघ मारली होती. बिचाऱ्याला वाटलं, दोघांचं समाधान होईल.

उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकांच्या कंट्रोल पॉइंटमधलं अंतर टोटल स्टेशनने मोजा आणि कोऑर्डिनेटवरून येणाऱ्या अंतराशी ताडून पाहा. ग्रिडवर काम करायचं की जमिनीवर, हे एकदाच ठरवा आणि ड्रॉइंगवरच लिहून ठेवा. उंचीचंही तसंच. डीजीपीएसची कच्ची उंची लंबगोलावरून येते, आपल्याला समुद्रसपाटीपासूनची हवी. मध्य भारतात या दोन्हींत 50 मीटरहून जास्त फरक पडतो. जवळच्या बेंचमार्कला बांधल्याशिवाय सरफेस करायला घेऊ नका.

सर्व्हेचे कोड. ओट्याची कड, भिंतीचा पाया, शटर, नाली, विजेचा खांब यांना वेगवेगळे कोड द्या, म्हणजे डिस्क्रिप्शन की सेट पॉइंट आपोआप योग्य लेयरवर टाकतो. सगळ्याला "बिल्डिंग" म्हटलंत तर नंतर कोणती रेघ ओट्याची आणि कोणती भिंतीची, हे जागेवर जाऊन पाहावं लागतं. मोबदल्याचा हिशेब याच फरकावर उभा असतो. ओट्यावरचे आणि छज्जावरचे पॉइंट सरफेसच्या पॉइंट ग्रुपमधून वगळा, नाहीतर रस्त्याच्या कडेला नसलेले टेकाड उभे राहतात. नालीच्या दोन्ही काठांना ब्रेकलाइन द्या.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण असेंब्लीत लेनची रुंदी आकड्याने भरतात. तसं करू नका. मध्यरेषा ही एक अलाइनमेंट करा, डावी आणि उजवी कड या दोन स्वतंत्र अलाइनमेंट किंवा पॉलीलाइन करा आणि कॉरिडॉरमध्ये रुंदीचं टार्गेट म्हणून त्या द्या. उद्या कुणी म्हणालं, मंदिरासमोर कड पाऊण मीटर आत घ्या, तर तुम्ही फक्त ती रेघ सरकवता आणि कॉरिडॉर रिबिल्ड करता. क्रॉस सेक्शन नव्याने येतात, क्वांटिटी पुन्हा काढता येते. आकडा भरला असता तर त्या जागेपुरता वेगळा रीजन, वेगळी असेंब्ली, आणि चौथ्या बदलानंतर कुठे काय केलंय हे तुमचं तुम्हालाच आठवलं नसतं.

कॉरिडॉरची फ्रीक्वेन्सी मेट्रिक टेम्पलेटमध्ये सरळ भागात 25 मीटर असते. हायवेला चालेल. बाजारपेठेत 25 मीटरमध्ये पाच-सहा दुकानं निघून जातात. डिझाइन चालू असताना 25 च ठेवा, फाइल हलकी राहते. शेवटी 5 मीटर करा आणि गल्ल्यांच्या तोंडाशी स्टेशन हाताने घाला. मी सुरुवातीपासून 1 मीटर ठेवणारे लोक पाहिलेत. प्रत्येक रिबिल्डला चहा पिऊन येतात. सरफेस आणि कॉरिडॉरचं ऑटोमॅटिक रिबिल्डही काम चालू असताना बंद ठेवा.

फाइली वेगळ्या करा: सरफेस एकात, अलाइनमेंट आणि प्रोफाइल दुसरीत, कॉरिडॉर तिसरीत, शीट चौथीत. डेटा शॉर्टकटने जोडा. त्यामुळे दोघेजण एकाच वेळी काम करू शकतात आणि एक फाइल बिघडली तरी बाकीचं वाचतं. ऑडिट, पर्ज आठवड्यातून एकदा. समोरच्या ऑफिसात फक्त साधं ऑटोकॅड असेल तर मूळ फाइल पाठवू नका, ऑटोकॅडमध्ये एक्सपोर्ट करून पाठवा. नाहीतर त्यांच्याकडे सगळं नीट दिसेलच असं नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. घरमालकांची नावं प्लॅनवर देवनागरीत लिहायची असतील तर टेक्स्ट स्टाइलमध्ये एसएचएक्स फॉन्ट ठेवू नका, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं छापून येतात. निर्मला यूआय किंवा मंगल घ्या. आपलंच नाव वाचता येत नाही असा नकाशा घेऊन कुणी सुनावणीला बसलं, तर पहिली पंधरा मिनिटं त्यातच जातात.

पुढच्या भागात याच तुकड्याची नाली घेऊ, उतारासकट.