वेचणीच्या दिवसांतली रिकामी बाकं

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं बेला मंडल म्हणजे पैनगंगेकाठचा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली की वर्गात बाकं रिकामी दिसू लागतात आणि दोष मुलांच्या आळसाला दिला जातो. मला तो पटत नाही. कापूस एकदम फुटत नाही, वेचण्या दोन-तीन होतात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून कमरेला ओटी बांधलेलं मूलही घराला मोलाचं वाटतं. मोठी मुलगी तर धाकट्याला सांभाळायला घरीच राहते. घरची अडचण आहे, कायदा काय करणार, असं कोणी म्हणेल. अडचण खरीच, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतरही बालमजुरी कायदा घरच्या कामाला मुभा देतो ती शाळेची वेळ सोडूनच. तरी नुसत्या धाकाने मूल परतणार नाही. गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशीच शिक्षकाने घरी जाऊन, मराठी घरात मराठीतूनच, चौकशी करावी. वेचणीपुरती अंगणवाडीची वेळ वाढवावी. बुडालेला धडा पुन्हा शिकवावा. मागे पडलेलं मूल पुढे लाजेपोटीच शाळा टाळतं.