शब्दांचा शेजार

इंग्रजीतल्या 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही, हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या गळी उतरवणे कठीण. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. मग तो 'विषयी' गेला कुठे? बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीतली मुले नोकरीचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. (बँकेत जन्म काढलेल्या माणसाला इंग्रजी येतेच, असा एक प्रेमळ समज आहे.) नियम सांगितला की ती मान डोलावतात आणि पुढच्या अर्जात 'अबाउट' पुन्हा हजर!

म्हणून हल्ली मी नियम सांगत नाही, ओळी दाखवतो. लेखी-बोली भाषेचे नमुने संगणकात भरून केलेल्या साठ्याला 'कॉर्पस' म्हणतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा असाच १० कोटी शब्दांचा साठा. त्यात 'डिस्कस' शोधले की तो शब्द असलेल्या ओळी एकाखाली एक उभ्या राहतात, शब्द बरोबर मध्यावर. मुलगा बोट फिरवत पुढचा शेजार वाचतो आणि 'अबाउट' नाही हे त्याचे त्यालाच दिसते. बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स याच रीतीचे पुरस्कर्ते. विद्यार्थ्याला ते संशोधकच मानत.

पण साठा कुणाच्या इंग्रजीचा? अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ साली छापलेले ५०० उतारे घेतले, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे. मग तसाच ब्रिटिश साठा झाला. आणि त्याच मापाचा भारतीय इंग्रजीचा साठा झाला तो दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे, तर कोल्हापुरात! शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली भारतात छापलेल्या मजकुरातून तो उभारला. भाषाशास्त्रज्ञ त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे कोल्हापूरची ओळख तांबड्या रश्शापाशीच थांबते, हे मला खटकते.

अंधेरीच्या एखाद्या चकचकीत कचेरीत 'डू द नीडफुल' वाचून साहेब हसतो आणि अर्ज बाजूला पडतो. आम्ही तर हे शब्द हजारो पत्रांत लिहिले, कामेही झाली. ते चूक म्हणून लाल शाईने खोडावे, की 'हे आपल्याकडे चालते, लंडनच्या वाचकाला जुनाट वाटेल' असे सांगावे? मी दुसरे करतो. दोन्हीकडच्या ओळी समोर ठेवल्या की मुले लाजत नाहीत, निवड करतात. गेल्या महिन्यात एकाने ते शब्द काढून काय हवे ते सरळ लिहिले. दुसऱ्याने तसेच ठेवले; त्याचा अर्ज सरकारी खात्यात जायचा होता.