पंगत आणि निषिद्ध विषय

कांहीं चित्रें पाहतांना हसूं येतें आणि हसूं ओसरल्यावर आपलेंच घर आठवतें. फ्रेंच व्यंगचित्रकार कारान दाश याचें 'कौटुंबिक भोजन' हें रेखाचित्र अशांपैकींच होय. १४ फेब्रुवारी १८९८ रोजीं तें पॅरिसच्या 'ल फिगारो' पत्रांत प्रसिद्ध झालें. चित्रकाराचें खरें नांव एमान्युएल प्वारे. जन्म मॉस्कोचा, म्हणून पेन्सिलीस असलेला रशियन शब्दच त्यानें टोपणनांव म्हणून घेतला.

चित्राचे भाग दोन. वरच्या भागांत सुखवस्तु घरांतील मंडळी मेजाभोंवतीं नीटनेटकी बसली आहे आणि यजमान बजावीत आहेत कीं, ड्रेफसचा विषय मात्र कोणीं काढूं नये. खालच्या भागांत तींच माणसें एकमेकांच्या अंगावर धावून गेलीं आहेत. खालीं मजकूर एवढाच कीं, विषय निघाला!

आल्फ्रेड ड्रेफस हा फ्रेंच सैन्यांतील ज्यू कप्तान. जर्मनीस गुपितें पुरविल्याच्या आरोपावरून १८९४ सालीं त्यास जन्मठेप झाली व पुढें त्याची रवानगी डेव्हिल्स आयलंडवर झाली. जानेवारी १८९८ मध्यें कादंबरीकार एमिल झोला यानें जाहीर पत्र लिहून या अन्यायाचें खापर सेनाधिकाऱ्यांवर फोडलें. हें चित्र निघालें तेव्हां झोलावर खटला चालू होता आणि घरोघर दोन तट पडले होते. चित्रकार देगा यानें आलेव्ही कुटुंबाशीं असलेला जुना स्नेह याच पायीं तोडला.

चित्राचें मर्म आम्हांस दोन भागांमधील रिकाम्या जागेंत दिसतें. पहिला शब्द कोणाचा, पहिला हात कोणाचा, हें चित्रकार सांगत नाहीं. सांगण्याची गरजही नाहीं. यजमानांनीं 'नको' म्हटलें त्याच क्षणीं तो विषय सर्वांच्या पानांत वाढला गेला होता.

परंतु येथें वाचकांनीं थोडें सावध असावें. कोण कोणत्या पक्षाचा, हें चित्रांत कळत नाहीं. सर्वच सारखे हास्यास्पद दिसतात. चित्रकार स्वतः मात्र तटस्थ नव्हता. नऊच दिवसांपूर्वीं त्यानें फोरें या चित्रकाराच्या साह्यानें ड्रेफसविरोधी साप्ताहिक काढलें होतें. पुढें १९०६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ड्रेफस निर्दोष ठरविला. म्हणजे त्या मेजावर कोणीतरी खरें बोलत होतें आणि चित्रानें त्यालाही त्याच धुमश्चक्रींत लोटून दिलें!

एकत्र कुटुंबांत एका पंगतीला चार मतें बसणारच. घराची शांतता आम्हांसही प्रिय आहे. वडीलधाऱ्यांनीं वाद आवरला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण दूरच्या बेटावर एक निरपराध माणूस खितपत असतां आपली शांतता केवळ त्याचें नांव न घेण्यावर उभी असेल, तर ती फार काळ टिकत नाहीं, आणि टिकली तरी शोभत नाहीं. हात न उगारतां बोलणारें घर कारान दाशनें काढलें नाहीं. तें चित्र ज्याच्या त्यानें आपल्या घरीं पुरें करावयाचें आहे.