खोलगट छातीचे मापन : किरणोत्सर्गाविना

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन पालक येतात. छातीचे मधले हाड आत गेलेले असते. भूक-झोप उत्तम, पण मुलगा रामकुंडावर मित्रांसमोर सदरा काढीत नाही. पालक बहुधा एखादा अवलेह किंवा तेल मागतात. नाशिकमधील आम्हां चिकित्सकांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी पहिले कर्तव्य मापनाचे, असे आमचे मत आहे.

चरकाचार्यांनी प्रमाणपरीक्षेत उराची रुंदी २४ व उंची १२ अंगुळे सांगितली. अंगुळे रुग्णाच्या स्वतःच्या बोटांची असल्याने हे माप वस्तुतः गुणोत्तरच ठरते. १९८७ मध्ये डॉ. हॅलर यांनी मांडलेला निर्देशांकही गुणोत्तरच आहे : छातीच्या आतील आडव्या रुंदीला उरोस्थी व कशेरुका यांमधील किमान अंतराने भागावयाचे. प्राकृत छातीत उत्तर सुमारे २.५ येते; ३.२५ च्या पुढे शस्त्रकर्माचा विचार होतो. (चरकांनी खोली नव्हे, उंची दिली आहे, तेव्हा हॅलर आपल्या ग्रंथांतून निघाले, असा दावा कोणी करू नये.)

अडचण अशी की, हा निर्देशांक मुख्यतः सीटी-स्कॅनवरून काढला जातो. वाढत्या वयात खळगा वाढतो की नाही, हे पुनःपुन्हा पाहावे लागते आणि प्रत्येक वेळी कोवळ्या शरीरावर किरणोत्सर्ग होतो. पृष्ठभाग-प्रतिमांकनात छातीवर साध्या प्रकाशाचे पट्टे टाकतात. खळग्यावर ते वाकतात; कॅमेरा ती वक्रता टिपतो व संगणक छातीचा त्रिमित आकार उभा करतो. काम काही सेकंदांत होते, आणि दर काही महिन्यांनी निर्धास्तपणे करता येते.

मात्र यात त्वचा, मेद, स्नायू व पाठीची जाडीही मोजली जाते. म्हणून बाह्य निर्देशांक सीटीपेक्षा कमी येतो, त्याला ३.२५ ची मर्यादा लावणे चूक होय. हृदय किती दबले, हेही यात दिसत नाही.

यंत्र नसले तरी नोंद ठेवता येते. शिंप्याची फीत खळगा ओलांडून जाते, तिचा उपयोग नाही. रुग्णास उताणे निजवून, सहज उच्छ्वासाच्या अंती, छातीवर आडवी पट्टी ठेवावी व दुसऱ्या पट्टीने सर्वांत खोल बिंदू मिलिमीटरमध्ये मोजावा. स्थिती दर वेळी तीच असावी.

औषधालयचालकांना आग्रहाची विनंती : तेलाने हाड वर येईल, असे सांगून बाटली विकू नये. धाप, छातीत धडधड किंवा वेदना असल्यास, अथवा मुलगा उंच, सडपातळ व लांब बोटांचा असल्यास, हृदय व महाधमनीच्या तपासणीसाठी त्याला त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे.