ढकलणे, ओढणे आणि दाबणे

कपाटाचा खण ओढणे, बंद पडलेली मोटार ढकलणे, विजेचे बटण दाबणे या क्रिया आपण सहज, विचार न करता करतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिन्हींच्या मुळाशी बलच आहे. मात्र पहिल्या दोहोंत बलाची दिशा महत्त्वाची असते, तर तिसरीत ते बल किती क्षेत्रफळावर पडते याला महत्त्व असते. हा भेद साधा वाटला तरी गर्दीच्या ठिकाणी माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

क्रिकेटच्या मैदानावरील रोलर ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे जाते. दांडी तिरपी असल्याने आपल्या बलाचा काही भाग ढकलताना खालच्या दिशेने, तर ओढताना वरच्या दिशेने लागतो. ५० किलोच्या रोलरवर जमिनीशी ३० अंशांचा कोन करून २० किलो वजनाइतके बल लावले, तर ढकलताना जमिनीवरील भार ६० किलो होतो. ओढताना तो ४० किलोवर येतो. भार घटला की चाकाला होणारा विरोधही घटतो.

कित्येकदा जे ओढणे वाटते, ते प्रत्यक्षात ढकलणे असते. शहाळ्याचे पाणी आपण नळीने ओढतो असे म्हणतो. पण आपण केवळ नळीतील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरील वातावरण ते पाणी वर ढकलते. म्हणूनच जमिनीवर बसवलेला पंप सुमारे १० मीटरपेक्षा खोल असलेले पाणी शोषून घेऊ शकत नाही. त्यासाठी पंपच पाण्यात सोडून पाणी खालून वर ढकलावे लागते.

दाबण्याचे गणित निराळे आहे. बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. विळीची धार बारीक असते म्हणून थोड्या जोरातही भाजी चिरली जाते. दप्तराचे पट्टे रुंद असतात म्हणून ते खांद्यात रुतत नाहीत. शिवाय ढकललेली वस्तू पुढे सरकते. पण तिच्यापुढे अडथळा आला की ढकलण्याचेच दाबणे होते.

गर्दीत नेमके हेच घडते. मागचा प्रत्येक जण पुढच्याला थोडेसेच ढकलतो. परंतु पुढे वाट नसेल तर हे सर्व धक्के एकत्र होऊन सर्वात पुढच्या माणसाच्या छातीवर येतात. श्वास घेण्यासाठी छाती फुगावी लागते. तेवढीही जागा उरली नाही, तर माणूस उभ्या उभ्याच गुदमरतो. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील दुर्घटनेत किमान २२ जणांचा, तर सेऊलमधील इतेवॉन येथे २९ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या दुर्घटनेत दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला. अशा घटनांना आपण सरसकट ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो. पण त्यांतील अनेक मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर दाबले गेल्याने होतात.

दरवाजाची दिशाही म्हणूनच निर्णायक ठरते. इंग्लंडमधील संडरलँड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी जिन्याच्या पायथ्याशी अडकून १८३ मुले दगावली. तेथील दरवाजा आतील बाजूस उघडणारा होता आणि जेमतेम एक मूल जाईल एवढीच फट ठेवून तो कडीने अडकवलेला होता. गर्दीचा भार पडल्यावर असा दरवाजा आत ओढणे अशक्य होते. तोच बाहेर उघडणारा आणि बिनकडीचा असता, तर त्याच भाराने उघडला असता. बाहेर पडण्याचे दरवाजे बाहेरच्या बाजूस उघडणारे असावेत, असे भारताची राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते.

शाळा, मंगल कार्यालय वा नाट्यगृहात प्रवेश करताना तेथील दरवाजा कोणत्या बाजूस उघडतो हे पाहून ठेवणे कधीही हिताचे. गर्दीत सापडल्यास दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी. आणि मागे उभ्या असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की, पुढे वाट नसताना दिलेला धक्का कोणालाही पुढे नेत नाही. तो केवळ दाब वाढवतो.